पुढील सूचनेपर्यंत

चौकशीच्या खिडकीतला प्रिंटर पुन्हा अडकला होता. ज्या वस्तूला वायर आहे ती इस्पितळाची वेबसाइट सांभाळणाऱ्या त्याच्याच अखत्यारीत येते, अशी इस्पितळात सगळ्यांची पक्की समजूत असल्यामुळे तो टेबलाखाली गुडघ्यांवर बसून चुरगळलेला कागद ओढत होता, तेव्हा डोक्यावरून आवाज आला, "आजोबा, कानाचा विभाग बंद आहे. बंद!" खिडकीतल्या बाईंनी शेवटचा शब्द इतक्या जोरात म्हटला की रांगेतली दोन माणसं दचकून आपापले कागद चाचपू लागली. तरीही आजोबांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागचं यंत्र काढून तळहातावर ठेवलं आणि काचेला लावून दाखवलं, दुकानदाराला फाटकी नोट दाखवावी तसं. "बंद नाही," तो खालूनच म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर आहे. चालू आहे." "बंद आहे हो साइटवाले," बाई म्हणाल्या. "साइटवर लिहिलंय." "साइटवर असलं काही लिहिलेलं नाही." "तुमचीच साइट ना? मग उठून बघा की."

तो उठला. उठताना टेबलाची कड डोक्याला लागली, आणि त्या कळेसकट त्याने पडद्याकडे पाहिलं. निळं पान, वर इस्पितळाचं चिन्ह, आणि त्याच्या डोक्यावर आडवी पिवळी पट्टी: रंगकामामुळे हा विभाग पुढील सूचनेपर्यंत बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पट्टी त्याचीच होती. पिवळा रंगही त्याने निवडलेला, लांबून दिसावा पण भीती वाटू नये असा. रंगारी येऊन गेले, शिड्या गेल्या, वासही गेला. आता तर नव्या भिंतींवर स्ट्रेचर घासल्याचे काळे ओरखडे उठले होते. पट्टी त्याने स्वतः काढली होती. "कधीपासून सांगताय लोकांना हे?" त्याने विचारलं. "मी कशाला सांगू? लोक घरीच वाचतात आणि येतच नाहीत. चुकून कोणी आलं तर तेवढं सांगते." "वर एक फोन करून विचारायचं तरी!" बाईंनी खुर्ची त्याच्याकडे फिरवली. "साइटवर लिहिलेलं असताना फोन कशाला? तुम्हीच आम्हाला सभागृहात बसवून सांगितलंत ना, आधी साइट बघा, मग फोन उचला. चहासुद्धा दिला होतात."

त्याने प्रिंटरमधून ओढलेला कागद गुळगुळीत केला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'तिसरा मजला, चालू आहे' असं लिहिलं आणि काचेखालून सरकवला. आजोबांनी कागद वाचला. मग पडदा वाचला. मग पुन्हा चुरगळलेला कागद, आणि पुन्हा तो छान छापील, पिवळा, दिलगीर पडदा. "इथे तर बंद म्हणतायत," ते स्वतःशीच, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, आणि कागदाची नीट घडी करून, त्याच्या हस्ताक्षराचा मान राखल्यासारखी खिशात ठेवून, फाटकाकडे चालू लागले. खिडकीच्या खोलीचं दार आतून अडकत असे. ते उघडून तो बाहेर येईपर्यंत फाटकात फक्त पहारेकरी होता, आणि पहारेकऱ्याला आजोबांबद्दल विचारलं असतं तर त्याने 'कुठले आजोबा' विचारलं असतं, इस्पितळात आजोबांना काय तोटा.

त्याची खोली तळघरात होती, धोबीखात्याच्या शेजारी, जिथे भिंत कायम कोमट असे. जिना उतरताना त्याच्या डाव्या कानात ती बारीक सूं सुरू झाली, जी हल्ली शांत जागी सुरू होई आणि जिच्याबद्दल त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर लोक म्हणाले असते, अरे, घरचाच तर विभाग आहे, तिसऱ्या मजल्यावर जाऊन ये. घरचा. तिसऱ्या मजल्यावर कान तपासणारी त्याची वहिनी होती, सख्ख्या मोठ्या भावाची बायको, आणि ज्या घराचा हा घरचा विभाग होता त्या घराचा आतला जिना प्लायवूड ठोकून बंद केलेला होता. भाऊ खाली, हा वर. याच्यासाठी बाहेरून लोखंडी जिना. भांडण कशावरून झालं हे कोणी विचारलं तर सांगायला लाज वाटावी असं होतं: वरच्यांचे पाय वाजतात, खुर्च्या ओढल्या जातात. मग पायांवरून बोलणं माणसांवर गेलं, माणसांवरून मेलेल्या वडिलांवर, आणि एका रविवारी सुतार आला. वहिनी त्या भांडणात एक शब्द बोलली नव्हती, त्याच्याही बाजूने नाही, भावाच्याही नाही. इस्पितळात भेट झाली की ती मान हलवे. तोही हलवे. माना हलवण्यावर दोन घरांचं राजनैतिक नातं टिकून होतं.

खुर्चीत बसून त्याने कानाचं पान उघडलं. पिवळी पट्टी इथेही होती. खिडकीतल्या बाईंचा संगणक जुनं काही दाखवत असेल ही शेवटची आशा गेली. पट्टी काढायला दोन टिचक्या लागल्या असत्या. तो बोट माउसवर ठेवून बसून राहिला. आज दुपारी व्यवस्थापकांच्या खोलीत बैठक होती आणि तिचा विषय त्याला माहीत होता, कारण आकडे त्यानेच दिले होते. कानाच्या विभागात नवे रुग्ण येईनासे झालेत, जुनेच काय ते येतात. तेव्हा कान तपासायची ती आवाजबंद खोली पाडून तिथे नवं स्कॅनचं यंत्र बसवावं आणि वहिनीने आठवड्यातून एकदा, पडद्याआड, कुठेतरी बसावं. व्यवस्थापकांनी त्याला विचारलं होतं, कानाचं पान लोक उघडतात तरी का? त्याने पाहून सांगितलं, उघडतात, भरपूर उघडतात, आणि लगेच बंद करतात. व्यवस्थापक म्हणाले, म्हणजे बघतात आणि जातात, गरज दिसत नाही. आणि त्याने आकडे बरोबर आहेत की नाही एवढंच तपासलं. लोक लगेच का जातात हे बघायला पान उघडलं नाही. ज्याची साइट, त्यालाच पान उघडून बघायची गरज वाटली नाही! आडात काय आहे ते न बघता तो पोहरे मोजत बसला होता.

खरं तर गोष्ट साधी होती. इतकी साधी की ती लोकांना समजावण्यातच त्याचे केस पिकले. साइटवर शेकडो पानं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक पट्टी, ती हेडर: चिन्ह, नाव, वेळा, फोन. प्रत्येकाच्या पायाशी एक, ती फूटर: पत्ता, नकाशा, तक्रार कुठे करायची ते. ही डोकी आणि हे पाय पानोपानी लिहायचे नसतात. एकदाच लिहून मध्ये एका जागी ठेवायचे आणि सगळ्या पानांनी तिथून घ्यायचे. मध्ये एक आकडा बदलला की सगळीकडे बदलतो. एक चूल, सगळ्यांचं जेवण. पण ज्या कोणी ही यंत्रणा बनवली त्याला माणसांचा स्वभाव नको तितका ठाऊक असावा, कारण त्याने कोपऱ्यात एक बटण ठेवलं होतं: 'या पानापुरतं वेगळं करा'. ते दाबलं की पानाला स्वतःची नक्कल मिळते, आणि त्या क्षणापासून ते पान मध्याचं काही ऐकत नाही. इथे कितीही बदला, ओरडा, त्याला पत्ता नाही. आणि ते बटण बघितल्यावर न दाबणारा माणूस त्याला या इमारतीत भेटला नव्हता. हाडांच्या डॉक्टरांना हेडरमध्ये स्वतःचा फोटो हवा होता, हात बांधलेला, हसरा. मुलांच्या विभागाला फुगे. आहारवाल्या बाईंना हिरवा रंग, कारण निळ्याने भूक मरते. रक्तपेढीने फूटर उलटा करून टाकला होता आणि तो कसा केला हे रक्तपेढीलाही सांगता येईना. "अहो, माझ्या पानापुरतंच तर केलंय," प्रत्येक जण म्हणे, "तुम्हाला काय त्रास?" मग इस्पितळाचा फोन बदलला, मध्ये बदलला, आणि अर्ध्या पानांवर जुनाच राहिला. तो जुना नंबर पुढे एका शटर दुरुस्त करणाऱ्याला मिळाला आणि तो बिचारा कितीतरी दिवस बाळंतिणींच्या नातेवाइकांना शिव्या देत होता. त्यानंतर साइटवाल्याला सगळे अधिकार मिळाले. त्याने एकेक पान धरून परत मध्याला जोडलं. फुगे फोडले, हिरवा पुसला, हाडांच्या डॉक्टरांचा फोटो खाली त्यांच्या माहितीत नेऊन ठेवला. डॉक्टर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. ती त्याला सुट्टी वाटली. सभागृहात सगळ्यांना चहा देऊन त्याने सांगितलं, वेगळं कोणाचंही काही राहणार नाही. आणि ते खोटं होतं, कारण एक पान वेगळं होतं, आणि ते त्याने स्वतः वेगळं केलं होतं.

तेव्हा जिना उघडा होता. वहिनी एका संध्याकाळी ओले हात पुसत वर आली होती आणि त्याच्या संगणकासमोर उभी राहून म्हणाली होती, "हे काय लिहून ठेवलंयस रे माझ्या पानाच्या डोक्यावर? 'अधिक माहितीसाठी फोन करा'?" तो म्हणाला, सगळ्याच पानांवर आहे. "सगळ्यांना ऐकू येतं रे," ती म्हणाली. "माझ्याकडे येतात त्यांना फोन ऐकू येत असता तर ते माझ्याकडे कशाला आले असते?" त्याला आपण इतकी वर्षं हे वाचतोय आणि आपल्या लक्षात आलं नाही, याचा राग आला होता, आणि त्या रागातच त्याने बटण दाबलं. अक्षरं मोठी केली. फोन काढला. 'इथे लिहा, आम्ही लिहून उत्तर देऊ.' वहिनीने वाकून वाचलं आणि म्हणाली, "आता कसं! भावजी, तुम्हाला एक चहा लागू." ती त्याला अरे म्हणत असे आणि खूष झाली की मुद्दाम भावजी म्हणे, थट्टेने, कारण ती लग्न होऊन आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता.

नंतर प्लायवूड आलं. आणि तो सगळी पानं परत जोडत सुटला तेव्हा हे पान त्याने सोडलं. नियमाप्रमाणे तिला विचारायला हवं होतं, आणि विचारायला तिच्याशी बोलायला हवं होतं. शिवाय तिचं बरोबर होतं. तेव्हा त्याने एक रीत पाडून घेतली. मध्ये काहीही बदललं, वेळ, नाव, नवीन दरवाजा, की तो लगेच कानाचं पान उघडी आणि तिथे हाताने तेच करी. कोणाला सांगत नसे. यादीत लिहीत नसे. ते लिहायची गोष्ट नव्हती, आईने दिवा मालवताना शेवटी देवघराकडे बघावं तशी हाताची सवय होती. तिच्या पानावर कधी जुनं काही राहिलं नाही. भाऊबंदकीच्या या सगळ्या काळात वहिनीसाठी तो एवढं एकच करत होता, आणि ते तिला माहीत नव्हतं, आणि तिला माहीत नाही यात त्याला एक प्रकारचं मोठेपण वाटत असे, हे त्याला आत्ता, कोमट भिंतीला पाठ लावून बसल्यावर, प्रथमच नीट दिसलं.

सगळ्याच विभागांना रंग द्यायचा होता म्हणून रंगकामाची पट्टी लावली तेव्हाही त्याने दोन्हीकडे लावली. मध्ये एक, आणि वहिनीच्या पानावर एक. 'पुढील सूचनेपर्यंत' हे शब्द व्यवस्थापकांचे, तारीख घाला म्हणून तो भांडला होता, तर व्यवस्थापक म्हणाले, "रंगाऱ्यांना तारीख असते का? तुमच्या घराला कधी रंग दिला नाहीत वाटतं." नव्हताच दिला. आणि पट्टी काढली त्या दिवशी... त्या दिवसाशी आलं की त्याचं मन एखाद्या हट्टी खेचरासारखं पाय रोवत होतं. त्या सकाळी तो लोखंडी जिना उतरून फाटकाबाहेर आला आणि सवयीने मागे वळून पाहिलं तर घर दोन रंगांचं झालं होतं. भावाने खालच्या मजल्याला पिस्त्याचा रंग दिला होता. रंग बरोबर मधल्या स्लॅबपर्यंत येऊन थांबला होता, केसभरही वर नाही. वरचा मजला जुना, पावसाने काळवंडलेला, कोणीतरी मागाहून आणून ठेवल्यासारखा. बायको गॅलरीतून म्हणाली, "पट्टी लावून आखलंय बघा. भाऊ कोणाचा!" ती हसली होती, आणि त्याला हसू आलं नव्हतं, कारण त्याला दिसलं की आपणही असंच, इतकंच सरळ आखलं असतं. इस्पितळात येईपर्यंत त्याच्या तोंडात कडू चव होती. मध्यावरची पट्टी काढली. ते लख्ख आठवतं: सगळी पानं एकदम मोकळी झाली आणि दरवेळी होतो तसा आनंद झाला नाही. मग? मग कानाचं पान उघडलं होतं की नाही? त्याला ते पान उघडलेलं दिसत होतं, पिवळी पट्टी, तिच्यावर आपला बाण. पण ते त्या दिवशीचं की पट्टी लावली त्या दिवशीचं? चहावाला आला होता. कोणीतरी प्रिंटरसाठी बोलावलं होतं. मनात दोन शब्द आले होते, 'राहू दे'. ते चहाबद्दल होते की कशाबद्दल?

हे त्याला शोधून काढता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरलो असतो तर विसरलो, माणूस आहे. मुद्दाम केलं असतं तर मग आपण कोण ते तरी कळलं असतं. पण मधल्या त्या जागेत काही नव्हतं, ना विसर ना मुद्दाम. फक्त बाण, पिवळा रंग, आणि एक पिस्ता रंगाची सरळ रेघ. स्वतःच्या डोक्यात इतकी वर्षं राहून एक खोली अशी सापडावी की जिची किल्ली आपल्याकडेच नाही, याने तो घाबरला नाही, वैतागला. त्याला सगळ्यांचा वैताग आला: पुढील सूचनेपर्यंत म्हणणाऱ्या व्यवस्थापकांचा, वाचलेलं खरं मानणाऱ्या खिडकीतल्या बाईंचा, स्वतःचं पान कधी उघडून न बघणाऱ्या वहिनीचा. इतर कोणत्याही विभागाच्या पानावर ही पट्टी राहिली असती तर पहिल्याच सकाळी लोकांनी फोन करून करून तळघर डोक्यावर घेतलं असतं. अजून किती दिवस बंद, म्हणून भांडले असते. हिच्या माणसांना फोन करता येत नाही. पानावर लिहून विचारायची सोय होती, पण बंद विभागाला लिहीत कोण बसणार; ती वाचतात आणि निमूट घरी बसतात. आणि तो फोन त्या पानावरून काढून टाकला होता त्यानेच, बरोबर कारणासाठी, तिचं ऐकून. बरोबर केलेल्या गोष्टीनेच असा गळा धरावा, यावर कोणाकडे तक्रार करायची? ती कुठे करायची हे तर फूटरमध्ये त्यानेच लिहिलेलं होतं: साइटविषयी काही असल्यास तळघर, धोबीखात्याशेजारी.

त्याने दोन टिचक्या मारल्या. पट्टी गेली. पान असं दिसू लागलं की जणू काही झालंच नव्हतं, आणि तेच त्याला सहन होईना. आता तो गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. तो उठला आणि व्यवस्थापकांकडे गेला.

व्यवस्थापक दुपारच्या बैठकीसाठी खुर्च्या मोजत होते. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं, एक खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं ठरलं." "काय?" "तुम्हीच नाही का कायम सांगता, वेगळं हेडर ठेवलं की घोळ होणार. कानवाल्यांनी वेगळं मागितलं, त्यांचा घोळ झाला. हाडांच्या डॉक्टरांनाही मी आज हेच दाखवणार, बघा, साइटवाले उगीच ओरडत नव्हते." त्याच्यासमोर कोणी ताट वाढून ठेवावं तसं ते वाक्य होतं. गरम, आयतं, आणि त्याच्याच आवडीचं. इतक्या वर्षांत या इमारतीत कोणी त्याला बरोबर म्हटलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला डाव्या बाजूने जरा लांबून आला. "त्यांनी फोन काढायला सांगितला होता. वेगळं मी केलं. आणि मग ते सांभाळायचं माझ्याकडे होतं. पट्टी माझ्याकडून राहिली. कानाची ती खोली रिकामी दिसते ती माझ्यामुळे." व्यवस्थापकांनी चष्मा काढला. "राहिली म्हणजे? विसरलात?" त्याने जवळची एक खुर्ची उगीच सरळ केली. व्यवस्थापकांना त्याच्या घराची गोष्ट माहीत होती. इस्पितळात कोणाला माहीत नव्हती! "हे बघा," ते म्हणाले, "हे मला एकट्याला सांगून उपयोग नाही. मी सांगितलं तर लोक म्हणतील, पांघरूण घालतोय. बैठकीत या. सगळ्यांसमोर बोला. मग बघू खोलीचं काय ते." "हाडांचे डॉक्टर असतील?" "पहिल्या खुर्चीवर," व्यवस्थापक म्हणाले, आणि त्यांना हसू आवरलं नाही.

बैठकीआधी तिला सांगायला हवं होतं. दहा लोकांसमोर तिने ते प्रथम ऐकावं आणि मान हलवावी, हे त्याला नको होतं. तिसऱ्या मजल्यावरची बाकं रिकामी होती. रिकामी म्हणजे काय, त्यावर बसून घासली गेलेली चमक कमी झाली होती, धूळ नव्हे, पण धुळीच्या आधीचं काहीतरी. दार उघडं होतं. वहिनी टेबलाशी बसून यंत्रासाठी घेतलेल्या कानाच्या साच्यांची लहान लहान खोकी आवरत होती. तिने मान हलवली. त्याने हलवली नाही. "वहिनी, एक सांगायचंय," तो म्हणाला आणि एका दमात सांगून टाकलं: पट्टी, पान, आजोबा, बैठक. ऐकताना ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, तिच्या माणसांमध्ये राहून तिला तशी सवयच झाली होती. मग तिने हातातल्या खोक्याचं झाकण लावलं. "मला वाटलं माझंच काही चुकतंय," ती म्हणाली. "वाटलं, लोकांना मी आता म्हातारी वाटते. दुसरीकडे जात असतील. परवा तर घरी आरशासमोर बसून स्वतःचंच बोलणं तपासलं, शब्द नीट फुटतात की नाही ते." तिने हे रागाने म्हटलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. "तुम्ही पान उघडून तरी बघायचं होतं," तो म्हणाला, आणि म्हणताच त्याला आपली जीभ चावावीशी वाटली. "ते पान माझ्यासाठी आहे का? मला ऐकू येतं." ती उठली. "आणि तू बघतोस ना. वेळ बदलली तेव्हा बदललीस. मागचा दरवाजा झाला तेव्हा तोही घातलास. माझ्या नवीन पेशंटांनी सांगितलं मला, दरवाजा पानावर वाचून आलो. मी यांना म्हटलंसुद्धा, वरचा अजून माझं पान बघतोय." म्हणजे तिला माहीत होतं. आणि खाली, पिस्त्याच्या भिंतींच्या आत, भावालाही.

"या वेळी का नाही बघितलंस?" तिने विचारलं. "मला माहीत नाही." "विसरलास?" "माहीत नाही, वहिनी. खरंच नाही. आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नकळत मान थोडी डावीकडे वळवली, तिचा पुढचा शब्द चांगल्या कानाने पकडायला, आणि ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिचं पोटच त्यावर चाललं होतं. "हे कधीपासून?" "काय?" "मान वळवतोयस ते. चल आत." "अहो, बैठक..." "बैठकीत हाडांचे डॉक्टर काय बोलतात ते तुला ऐकू यायला नको? आज माझ्याकडे नवीन कोणी नाही. आहेस तो तूच."

आवाजबंद खोली लहान होती, एका खुर्चीची. भिंतींना करडे, मऊ, खाचाखाचांचे स्पंजचे तक्ते. तिने त्याच्या कानांवर जड हेडफोन बसवले, हातात बटण दिलं आणि दार लावलं, आणि जग कापून टाकल्यासारखं गेलं. काचेपलीकडे ती बसली. त्याला एकदम ती दुसरी खुर्ची आठवली, घरच्या स्वयंपाकघरातली. ती नवी नवी आलेली, परीक्षेचा अभ्यास करणारी, आणि त्याला समोर बसवून कानामागे ट्यूनिंग फोर्कचा चिमटा वाजवून विचारणारी, ऐकू येतंय तोवर बोट वर ठेव. तो बोट खाली घेतच नसे. आवाज कधीच मेलेला असे, तरी त्याचं बोट वर. त्याला वाटे, आपल्याला ऐकू आलं नाही तर वहिनी नापास होईल. तिने एकदा चिमटा मुठीत धरून, आवाज बंद करून, तरी त्याचं बोट वर आहे हे पाहिलं होतं आणि ती इतकी हसली होती की खालून भाऊ ओरडला होता, काय चाललंय वर!

उजव्या कानात सूर आला. त्याने बटण दाबलं. आणखी बारीक. दाबलं. मग डावीकडे. तिथे आपलीच सूं होती, आणि त्या सूंच्या आत कुठेतरी दुसरं काही होतं किंवा नव्हतं. काचेपलीकडे वहिनीचा हात हलला असं त्याला वाटलं आणि त्याने दाबलं. पुन्हा हलल्यासारखा वाटला, दाबलं. त्याला दिसत होतं की ती काहीतरी नोंदवतेय, आणि मनात आलं, रिकामी बाकं आपल्यामुळे, आता निदान हा कान तरी हिला चांगला सापडू दे, एवढं तरी आपल्याकडून. आणि त्याने पुन्हा दाबलं, आणि पुन्हा. मग तिचा हात थांबला. तिने मान वर केली, समोरचा मायक्रोफोन ओढला, आणि तिचा आवाज आला, फक्त उजव्या कानात, अगदी जवळून, स्वयंपाकघरातून आल्यासारखा, थकलेला आणि वैतागलेला.

"मी केव्हाची काही वाजवतच नाहीये रे," वहिनी म्हणाली. "उगीच दाबू नकोस. ऐकू आलं तरच दाब."

त्याने अंगठा बटणावरून उचलला आणि वाट बघत बसला.